किल्ल्यावरील सैनिकचित्रे आणि त्यांचा पोशाख (खानदेश)

किल्ल्यावरील सैनिकचित्रे म्हणजे दिवाळीत घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात बांधल्या जाणाऱ्या मातीच्या किल्ल्यांवर मांडायच्या सैनिकांच्या छोट्या मूर्ती होत. या मूर्तींना मराठीत 'चित्रे' असेच म्हणतात. भालदार, तुतारीवाला, तोफेजवळचा गोलंदाज, घोडेस्वार, दरवाज्यावरचे पहारेकरी आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज ही त्यांतील नेहमीची पात्रे. या मूर्तींचा पोशाख व शस्त्रे त्या त्या किल्ल्याच्या इतिहासाशी कितपत जुळतात, याचा आढावा या लेखात खानदेशाच्या, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या, संदर्भात घेतला आहे.

खानदेशात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. थाळनेर, लळिंग, सोनगीर, पारोळा, अमळनेर या किल्ल्यांच्या परिसरात चौदाव्या शतकापासून १८१८ पर्यंत फारुकी सुलतान, मुघल, पेशवे, होळकर, अरब शिबंदी आणि ईस्ट इंडिया कंपनी अशा अनेकांचे सैनिक वावरले. मात्र जळगाव किंवा धुळ्यात एखाद्या मुलाने लळिंगची प्रतिकृती केली, तरी तिच्या तटावर उभा राहतो तो पुण्याच्या पश्चिमेकडील मावळ खोऱ्यातला मावळा, आणि तोही सतराव्या शतकातील मावळ्यापेक्षा विसाव्या शतकातील नाटक-सिनेमातल्या मावळ्याशी अधिक मिळताजुळता.

परंपरा

दिवाळीत किल्ला करण्याची प्रथा मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात रुजलेली आहे. शाळा, वसाहती आणि किल्ले बांधण्याच्या स्पर्धा यांमुळे ती खानदेशातील शहरांतही दिसते. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा डोंगर रचायचा, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, बुरूज व दरवाजे बसवायचे आणि शेवटी चित्रे मांडायची, असा क्रम सर्वत्र जवळपास सारखाच असतो. जुन्या संचांत सैनिकांच्या जोडीला गवळण, भाजीवाली, विहिरीवर पाणी भरणारी बाई आणि गुहेतला वाघही असे. किल्ला हे केवळ युद्धस्थळ नसून नांदते गाव आहे, ही समज त्यामागे होती. ही समज पुष्कळ इतिहासग्रंथांतही आढळत नाही.

खानदेशातील कुंभारांची स्वतःची हंगामी कामे आहेत. पोळ्याचे मातीचे बैल, गणपती, लक्ष्मीपूजनाच्या मूर्ती आणि पणत्या ही त्यांतली प्रमुख. किल्ल्यावरची चित्रे त्या मानाने येथे नवी आहेत. बाजारात ठरावीक साच्यांचेच नमुने फिरतात, म्हणून लळिंगवर मावळा येतो.

युरोपात सैनिकांच्या लघुमूर्तींचा छंद वेगळ्या वाटेने वाढला. अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे सैनिक बनत. इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक काढले आणि त्यांत भारतीय घोडदळाचेही संच होते. ५४ मिलिमीटर ही उंची पुढे संग्राहकांत प्रमाण मानली गेली. या छंदात गुंडीचा आकार, कॉलरचा रंग आणि पट्ट्याची रुंदी यांवर कसून वाद होतात. तेथील सैन्यांचे गणवेश लेखी हुकमांनी ठरत असत, त्यामुळे चूक कोणती आणि बरोबर कोणते हे कागद दाखवून सांगता येते. मराठी सैनिकचित्रांना ही मोजपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही.

साचा

चित्रांच्या पोशाखातील बऱ्याच गोष्टी इतिहासाने ठरवलेल्या नसतात, त्या साच्याने ठरवलेल्या असतात. शाडू, लाल माती किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भागांच्या साच्यात भरून मूर्ती काढतात. शरीरापासून सुटा राहणारा कोणताही भाग साच्यातून निघताना मोडतो. त्यामुळे तलवार छातीला चिकटते, ढाल दंडावर जडवलेली दिसते आणि भाल्याचा दांडा मनगटाएवढा जाड होतो किंवा त्याऐवजी काडी खोचली जाते. हाताला कोपरापर्यंत झाकणारी लोखंडी खोबण आणि त्यापुढे लांब लवचीक पाते असलेला दांडपट्टा हे मराठ्यांचे वैशिष्ट्यपूर्ण शस्त्र; पण साच्यात ते जवळपास अशक्य असल्याने चित्रांत क्वचितच आढळते. उघड्या पायांच्या मूर्ती घोट्यापाशी तुटतात, म्हणून अंगरखा घोट्यापर्यंत लांबतो आणि मूर्तीला आधार देणारा घंटेसारखा घेर तयार होतो.

त्यावर रंगाची भर पडते. एकाच साच्यातून निघालेल्या मूर्तीला केशरी पागोटे दिले की ती मावळा होते आणि हिरवे दिले की मुघल. केशरी विरुद्ध हिरवा ही वाटणी ओळखायला सोपी आहे, परंतु सतराव्या शतकातील साधनांत तिला आधार नाही. भगवा झेंडा हे मराठ्यांचे निशाण होते. त्यावरून प्रत्येक शिपायाचे पागोटे भगवे होते असे अनुमान निघत नाही. मुघलांच्या चित्रांतील सैनिकही पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या, जांभळ्या अशा अनेक रंगांच्या जाम्यांत दिसतात.

कृत्रिम रंगांचा शोध १८५६ मध्ये लागला. त्यापूर्वी सुती कापडाला तांबडा रंग आल किंवा मंजिष्ठेपासून, निळा निळीपासून, पिवळा हळदीपासून आणि केशरी-गुलाबी छटा करडईच्या फुलांपासून म्हणजे कुसुंब्यापासून मिळे. कुसुंब्याचा रंग धुण्याने व उन्हाने उडतो. मोहिमेवरच्या सामान्य शिपायाच्या अंगावर न रंगवलेले, धुळीने मळलेले सुती कापड असण्याचीच शक्यता अधिक. चकचकीत ऑइल पेंटचा नारिंगी रंग दुकानात उठून दिसतो, एवढेच त्याचे कारण आहे.

गणवेश आणि पोशाख

शिवकाळातील मराठी सैन्याला आजच्या अर्थाने गणवेश नव्हता. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येई. कपडे मात्र ज्याचे त्याचे असत. सन्मान म्हणून दिला जाणारा 'शिरपाव' हा पोशाखच असे आणि तो मूळ फारसी 'सर-ओ-पा', म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत, या शब्दावरून आला. पण तो सरदारांसाठी किंवा पराक्रम गाजवलेल्यांसाठी होता, पलटणीसाठी नव्हता. म्हणून या काळाच्या मूर्तींबाबत गणवेश अचूक आहे का, हा प्रश्नच नीट बसत नाही. तो कापडाचा, कापाचा, शिरोवस्त्राचा आणि काळाचा प्रश्न आहे.

सामान्य सैनिकाच्या पोशाखाचे बऱ्यापैकी सविस्तर वर्णन जेम्स ग्रँट डफ यांच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात मिळते. त्यानुसार पायदळातील माणसाच्या अंगावर मांडीच्या मध्यापर्यंत येणारा आखूड चोळणा, कमरेला घट्ट आवळलेला लांब अरुंद पट्टा, डोक्याला पागोटे आणि कधी कधी सुती अंगरखा असे. कमरेभोवतीचे वस्त्र प्रसंगी अंगावर पांघरायलाही उपयोगी पडे. घोडेस्वाराची विजार गुडघे झाकणारी व तंग, अंगात कापूस भरून शिवलेला झगा, आणि पागोट्याचा एक फेरा पुष्कळदा हनुवटीखालून घेतलेला. तलवार व ढाल बहुतेकांकडे, काहींकडे तोड्याची बंदूक, तर स्वाराचे खास शस्त्र भाला. ग्रँट डफ साताऱ्यास राहिले होते आणि त्यांनी मराठी कागद पाहिले होते. तरी शिवकाळापासून ते दीडशे वर्षे दूर होते, हे ध्यानात घेऊन हे वर्णन वापरावे लागते.

हे वर्णन दुकानातील मावळ्याशेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. डोंगर चढणाऱ्या पायदळाच्या शिपायाचे पाय उघडे आणि कपडे आखूड. मूर्तीतल्या मावळ्याला मात्र पायघोळ पांढरा अंगरखा, तंग विजार आणि खांद्यावर रेशमी शेला. हा दरबारी पोशाख आहे. तो घालून रात्री कडा चढता येईल का, असा प्रश्न मूर्ती रंगवणाऱ्या मुलांनाच पडायला हवा.

शिरोवस्त्राची चूक त्याहून सूक्ष्म आहे. पागोटे रोज डोक्यावर बांधावे लागते. पगडी पगडबंदाकडून बांधून व टाचून घेतलेली असते आणि टोपीसारखी घालता येते. पुणेरी किंवा शिंदेशाही पगडी हे आकार उत्तर मराठेशाहीतले आणि त्यानंतरचे आहेत. शिवकाळातील पहारेकऱ्याच्या डोक्यावर पुणेरी पगडी बसवल्यास तो नकळत शंभर वर्षे पुढे जातो. जाम्याच्या घेरावरूनही काळ ओळखता येतो. अकबराच्या काळातील चित्रांत टोकदार कोपऱ्यांचा चाकदार जामा दिसतो, पुढे घेर गोल होतो आणि अठराव्या शतकात तो घोट्यांकडे उतरतो. जाम्याचा बंद मुसलमान उजव्या बगलेखाली व हिंदू डाव्या बगलेखाली बांधत, असा संकेत मुघल चित्रांत सामान्यतः पाळलेला आढळतो. दोन इंच उंचीच्या मूर्तीवर एका रेषेने दाखवता येणारी ही गोष्ट आहे, पण साचेकाम करणाऱ्यांनी तिचा उपयोग केल्याचे सहसा दिसत नाही.

चित्रसाधने आणि बेंद्रे यांचा शोध

चुकीचे चित्र किती काळ खरे म्हणून चालू शकते, याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण खुद्द शिवाजी महाराजांचेच आहे. इब्राहिम खान नावाच्या भलत्याच व्यक्तीचे चित्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच लेखक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन यांच्या ग्रंथातील महाराजांचे चित्र उजेडात आणून ही चूक दुरुस्त केली. चेहरा, दाढी आणि शिरोवस्त्र यांची आज सर्वपरिचित असलेली कल्पना रूढ होण्यात या शोधाचा मोठा वाटा आहे.

समकालीन किंवा जवळच्या काळातील इतर चित्रांत निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून करवून घेतलेल्या संग्रहातील चित्र महत्त्वाचे आहे. त्यात महाराज घोड्यावर असून सोबत पायी चालणारे सेवक व सैनिक आहेत. मूर्तिकाराच्या दृष्टीने हे पायी चालणारे लोकच अधिक मोलाचे, कारण राजाची चित्रे अनेक आहेत, शिपायांची थोडी. उत्तर मराठेशाहीसाठी पुण्यात काम केलेले जेम्स वेल्स (मृत्यू १७९५) यांची चित्रे आणि टॉमस ब्राउटन यांच्या दौलतराव शिंद्यांच्या छावणीतील १८०९ च्या पत्रसंग्रहातील रंगीत चित्रे उपयोगी पडतात. महाराष्ट्रभर गावोगावी आढळणारे वीरगळ त्याआधीच्या शतकांतील योद्ध्यांचे धोतर, केशरचना आणि ढालींचे आकार दाखवतात. कागदपत्रांच्या बाबतीत खानदेश भाग्यवान आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाल्यानंतर त्यांच्या नावाने तेथे उभे राहिलेले संशोधन मंडळ जुने कागद व वस्तू जतन करत आले आहे.

लोकांच्या डोळ्यांसमोरचा मावळा मात्र या साधनांतून आलेला नाही. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' (१९५२) हा चित्रपट, बाबासाहेब पुरंदरे यांचे 'जाणता राजा' हे महानाट्य, कॅलेंडरांवरील चित्रे आणि अलीकडच्या दूरचित्रवाणी मालिका यांनी तो घडवला. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला मराठे व मुघल वेगळे दिसावे लागतात, आणि ती गरज तेथे रास्तच आहे. ती मूर्तींत उतरली तेव्हा तिला इतिहासाचा दर्जा मिळाला.

खानदेशातील किल्ले आणि त्यांवरचे सैनिक

तापीच्या काठावरील थाळनेर (शिरपूर तालुका, धुळे जिल्हा) हे फारुकी घराण्याचे पहिले ठाणे. मलिक राजा याला १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून या प्रदेशाची जहागीर मिळाली आणि पुढे तो स्वतंत्र झाला. धुळ्याच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा मार्गावर असलेला लळिंग याच राजवटीशी जोडलेला आहे. या काळाचा सैनिक दाखवायचा असेल तर त्याच्या हाती धनुष्य, भाला किंवा सरळ तलवार हवी; तोड्याची बंदूक त्याला चालणार नाही, कारण ती हिंदुस्थानात सोळाव्या शतकात पसरली. पोशाखासाठी शेजारच्या माळव्यात मांडू येथे सुमारे १५०० च्या सुमारास चित्रित झालेले 'निमतनामा' हे हस्तलिखित पाहता येते. तो पाककृतींचा ग्रंथ आहे, त्यामुळे त्यातील माणसे लढण्याऐवजी पदार्थांभोवती वावरतात; पण त्यांचे झगे व पागोटी सुलतानी काळाची आहेत.

अकबराने जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड घेतल्यावर फारुकी राज्य संपले आणि खानदेश मुघल सुभा झाला. पुढचे शतकभर येथील किल्ल्यांवर मुघल शिबंदी होती. म्हणजेच शिवकाळातील लळिंग किंवा थाळनेर दाखवताना तटाच्या आत मुघल सैनिक असतात आणि मराठे बाहेर. मराठी फौजा खानदेशात आल्या त्या वेगाने येऊन जाणाऱ्या स्वारांच्या रूपाने. १६७५ मध्ये त्यांनी इंग्रजांची वखार असलेले धरणगाव लुटले, १६७९ मध्ये धरणगाव व चोपड्यावर स्वारी केली, आणि १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या काळात बुऱ्हाणपूर लुटले. खानदेशातील शिवकालीन मराठा हा भालाईत घोडेस्वार आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी कापूस भरलेल्या झग्यातला, हनुवटीखालून पागोटे बांधलेला स्वार ठेवणे तटावर मावळा ठेवण्यापेक्षा इतिहासाला कितीतरी धरून होईल.

१७५२ च्या भालकीच्या तहाने खानदेशाचा मोठा भाग मराठ्यांकडे आला. पुढे तो पेशवे, होळकर व शिंदे यांच्यात वाटला गेला. पारोळ्याचा भुईकोट याच शतकातला. या काळात फौजेचा चेहरा झपाट्याने बदलत होता. इब्राहिम खान गारदीची कवायती पलटण पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) लढली. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या फ्रेंच भाषक सेनानीकडून कंपू उभारले. या कंपूंतील तेलंगा पलटणींजवळ चकमकीच्या बंदुका व संगिनी असत आणि त्यांचा पोशाख कंपनीच्या शिपायांसारखा लाल डगल्याचा असे. नजीब पलटणी मात्र देशी पोशाखात तोड्याच्या बंदुका वापरत. मराठ्यांच्या बाजूने लाल डगला दाखवलेला पाहून प्रदर्शनात अनेकांना ती चूक वाटते, पण एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा मराठा शिपाई तसाही दिसत असे.

थाळनेर, २७ फेब्रुवारी १८१८

खानदेशातील एकाच प्रसंगाची मूर्तींच्या रूपाने मांडणी करायची झाल्यास थाळनेरच्या लढाईसारखा दुसरा प्रसंग नाही. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख कंपनीला दिला. सर टॉमस हिस्लॉप फौजेसह तापीवर आले, तेव्हा थाळनेरच्या किल्ल्यावरून त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या. दरवाज्यांच्या आत झालेल्या गोंधळात दोन ब्रिटिश अधिकारी मारले गेले, त्यानंतर सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी देण्यात आले. या फाशीवर पुढे इंग्लंडमध्येही टीका झाली.

या प्रसंगात कोणी काय घातले होते, याचा बराच अंदाज बांधता येतो. हल्ल्यात रॉयल स्कॉट्स आणि मद्रास युरोपियन रेजिमेंट यांच्या निवडक तुकड्या होत्या. रॉयल स्कॉट्स ही 'रॉयल' पलटण असल्याने तिच्या लाल डगल्याची कॉलर व मनगटपट्ट्या निळ्या. नावात स्कॉट्स असले तरी ही पलटण तेव्हा घागऱ्यासारखा किल्ट वापरत नव्हती. म्हणून थाळनेरच्या दरवाज्यात किल्ट घातलेला सैनिक उभा करणे चुकीचे. खाकी रंगही येथे नको. खाकी प्रथम १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वायव्य सरहद्दीवरील गाइड्स पलटणीत आली आणि १८५७ नंतर पसरली. सोला हॅटही नंतरचीच. १८१८ च्या गोऱ्या सोजिराच्या हातात संगीन लावलेली चकमकी बंदूक आणि डोक्यावर उंच शाको टोपी. शाळांच्या प्रदर्शनांत इंग्रज म्हटला की खाकी अर्धी चड्डी आणि सोला हॅट ठरलेली असते; ती विसाव्या शतकातली आहे.

शिबंदीत अरब होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खानदेशातील किल्ल्यांवर अरब भाडोत्री शिपाई मोठ्या संख्येने असत आणि १८१८ च्या मे-जून महिन्यांत मालेगावच्या किल्ल्यात त्यांनी कंपनीच्या फौजेला कडवी झुंज दिली. अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्याकडून, प्रामुख्याने हद्रमौतकडून, आलेल्या या लोकांचा वेश लुंगी, डोक्याला गुंडाळलेले वस्त्र, कमरेला पुढच्या बाजूस वाकडा जंबिया आणि लांब नळीची तोड्याची बंदूक असा होता. पायघोळ पांढरा झगा व डोक्यावर काळी दोरी घातलेला वाळवंटातला शेख ही त्यांची मूर्ती नव्हे. मराठी किल्ल्यांच्या प्रतिकृतींवर अरब शिपाई सहसा दिसतच नाही, आणि थाळनेर, अमळनेर किंवा मालेगाव यांची प्रतिकृती त्याच्याशिवाय अपुरी राहते.

भिल्ल सैनिक

खानदेशाबाबतची सर्वांत ठळक चूक भिल्ल सैनिकाच्या बाबतीत होते. चित्रांच्या संचात भिल्ल असलाच तर लंगोटी, हातात तीरकामठा आणि डोक्यात पीस खोचलेला असा असतो. यातील पीस बहुधा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या खेळण्यांवरून आले असावे. तीरकामठाही चुकीचा असतो. भिल्लांचे धनुष्य बांबूचे आणि दोरीही बांबूच्या चिवट पट्टीची. मूर्तीत मात्र रामलीलेतले दुहेरी वळणाचे धनुष्य असते.

याच भागात भिल्लांची कवायती पलटणही होती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार १८२५ मध्ये जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल कोअर उभारली. धरणगाव (जळगाव जिल्हा) हे तिचे मुख्य ठाणे होते. औट्रम यांनी भिल्लांसोबत शिकारीला जाऊन त्यांचा विश्वास मिळवला आणि ज्यांना कंपनीचे अधिकारी केवळ लुटारू समजत, त्यांच्यातूनच शिपाई तयार केले. त्या शिपायांना बंदुका, गणवेश व कवायत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पलटण पोलीस दलात विलीन झाली. राजस्थानातील मेवाड भिल्ल कोअर (स्थापना १८४१) ही वेगळी पलटण असून तिचे गणवेश खानदेशच्या शिपायावर चढवण्याची चूक परदेशी संग्राहकांकडूनही होऊ शकते.

दुसऱ्या बाजूलाही भिल्लच होते. सेंधवा घाटाच्या रखवालीची नोकरी केलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे त्यांच्या लोकांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. १८५० च्या दशकातील सातपुड्याचा देखावा करताना तीरकामठा व तोड्याची बंदूक घेतलेला भिल्ल आणि गणवेशातला भिल्ल हे दोघेही हवेत. एकच मूर्ती दोघांचे काम करू शकत नाही.

शस्त्रांवरून काळ ओळखणे

पोशाखापेक्षा शस्त्रांची कालगणना सोपी आहे. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लावावी लागते. मूर्तीच्या हाती वातीची गुंडाळी किंवा कमरेला दारूची शिंगडी दाखवली की ती ओळखू येते. चकमकी बंदूक अठराव्या शतकात कवायती पलटणींबरोबर आली, आणि टोपीच्या म्हणजे कॅपच्या बंदुका १८४० च्या आसपास कंपनीच्या फौजेत आल्या. तलवारींत सरळ युरोपीय पात्याची फिरंग, सरळ व लांब धोप, रुंद खंडा आणि वाकडी समशेर असे भेद आहेत. संचांतील सर्व मूर्तींना समशेरच दिलेली असते. ढाल गोल, कातड्याची, वर चार फुल्यांची. तिच्यावर सूर्य किंवा 'ॐ' रंगवण्याची पद्धत सजावटीची आहे. चिलखत व जिरेटोप ही सरदार व निवडक स्वारांची साधने होती. अख्ख्या संचाला जिरेटोप देणे म्हणजे शिपायाला सरदाराच्या तोलाचा खर्च करायला लावणे.

आधुनिक सैनिक

किल्ल्यावर मावळ्यांशेजारी हिरव्या प्लास्टिकचे बंदूकधारी सैनिक व रणगाडेही दिसतात. हे सैनिक बहुधा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन पायदळाच्या साच्यांवरून आलेले असून त्यांचे शिरस्त्राण व बूट भारतीय नाहीत. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिक मुख्यतः खाकीत लढला; स्वातंत्र्यानंतर ऑलिव्ह हिरवा रंग आला, आणि १५ जानेवारी २०२२ रोजी भूदलाने नव्या ठिपकेदार छपाईचा लढाऊ गणवेश सादर केला. येथे लेखी नियम उपलब्ध असल्याने अचूकता तपासणे शक्य होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका बटालियनचे 'काळी पाचवी' हे नाव जुन्या लाल गणवेशावरील काळ्या कॉलर-मनगटपट्ट्यांवरून पडल्याचे सांगितले जाते, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच्या तिच्या समारंभी वेशातील शिपायाची मूर्ती केल्यास तो काळा रंग वगळून चालत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत बागलाणातील साल्हेर आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील एकही किल्ला नाही. दिवाळीच्या स्पर्धांत राजगड, रायगड व प्रतापगडाच्या प्रतिकृती सर्वाधिक होतात आणि साचेही त्यांनाच धरून निघतात. खानदेशातील किल्ल्याची प्रतिकृती करणाऱ्यांना अरब, मुघल स्वार किंवा भिल्ल शिपाई हवा असल्यास तयार मावळ्याचा अंगरखा ओल्या मातीत कापून चोळणा करणे, पगडी काढून सुती चिंधीचे पागोटे गुंडाळणे, तलवारीच्या जागी तारेची लांब नळी बसवणे असे उपाय हातानेच करावे लागतात.